‘आर्किटेक्चर’, ‘कॉन्फिगर’, ‘होस्ट’ : मजकूर-संपादकाच्या बांधणीतील काही शब्द

प्रश्न

ईमॅक्स हा मजकूर-संपादक सोर्स कोडपासून निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी कसा बांधावा, याची माहिती मी मराठीत लिहीत आहे. बांधणीची पहिली पायरी म्हणजे ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट चालवणे. ती सुरू होताच पडद्यावर ओळी सरकू लागतात: बिल्ड कोणते, होस्ट कोणते, क्रॉस-कंपाइल (म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी बांधणी) चालले आहे का, बाइटांचा क्रम (म्हणजे मोठ्या संख्येचे बाइट मेमरीत कसे मांडायचे) कोणता, अशी एकेक विचारणा आणि तिच्यापुढे लगेच उत्तर. अशा शब्दांपैकी मी आर्किटेक्चरला ‘स्थापत्य’, कॉन्फिगरला ‘संरूपण’, होस्टला ‘यजमान’ आणि पोर्टेबलला ‘सुवाह्य’ असे प्रतिशब्द योजले. मसुदा वाचणाऱ्यांचे म्हणणे असे की वाक्ये शुद्ध आहेत, पण नेमके काय करायचे ते कळत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

‘स्थापत्य’ हा शब्द पाहताच मराठी वाचकाला पूल आणि इमारती दिसतात, ही अडचण उघड आहे. पण केवळ तेवढ्यासाठी मी तो नाकारला नसता. खरी अडचण अशी की प्रोसेसरचे आर्किटेक्चर म्हणजे त्या चिपची आतली मांडणी नव्हे. प्रोग्रॅमला कोणत्या आज्ञा देता येतील, रजिस्टरे किती आणि केवढी असतील, पत्ता किती बिटांचा असेल, याविषयी प्रोसेसरने बाहेरच्या जगाशी केलेला तो करार असतो. इंटेल आणि एएमडी यांच्या चिप आतून एकमेकींहून पुष्कळ वेगळ्या असतात, तरी दोन्ही एक्स८६-६४ हा एकच करार पाळतात आणि म्हणून एकदा बांधलेला संपादक दोन्हींवर चालतो. ‘रचना’, ‘घडण’, ‘स्थापत्य’ हे तिन्ही शब्द वाचकाला आतल्या भागाकडे नेतात, म्हणजे नेमके उलट्या दिशेला.

मग ‘आज्ञासंच’ म्हणावे का? बऱ्याच वाक्यांत ते चालेल, पण सगळीकडे नाही. पॉवरपीसी या प्रोसेसरांची ६४ बिटी आज्ञावली एकच असली, तरी बाइटांच्या क्रमानुसार कॉन्फिगर तिची दोन वेगळी नावे धरते, आणि एकीसाठी बांधलेला संपादक दुसरीवर चालत नाही. ‘घराणे’ हा शब्द कानाला गोड वाटतो, पण फार सैल आहे: आर्म घराण्यातल्या ३२ बिटी आणि ६४ बिटी आज्ञा सर्वस्वी वेगळ्या आहेत. माझे मत विचाराल तर ‘आर्किटेक्चर’ हाच शब्द ठेवावा, पहिल्या उल्लेखाच्या वेळी एका वाक्यात त्याचा अर्थ सांगावा आणि पुढे जावे.

‘संरूपण’ मात्र काढूनच टाकावे. ते अवघड आहे म्हणून नव्हे, तर इथे घडणाऱ्या कृतीचे वर्णन ते करीत नाही म्हणून. एखाद्या उपकरणाचे सेटिंग आपण करतो तेव्हा निर्णय आपला असतो. ईमॅक्सच्या बाबतीत एके काळी जवळपास तसेच होते: सोर्स कोडमध्ये ‘एम’ आणि ‘एस’ अशा दोन डिरेक्टऱ्या होत्या, पहिलीत प्रत्येक यंत्रासाठी आणि दुसरीत प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एकेक हेडर फाइल (सी प्रोग्रॅमात जोडायच्या व्याख्यांची फाइल) असे, आणि आपले यंत्र व्हॅक्स आहे की सन, हे सांगून त्यातली योग्य जोडी निवडली जाई. त्या काळच्या कॉन्फिगरला ‘निवड’ म्हटले असते तरी चुकले नसते. नंतर, विशेषतः १९९१ मध्ये अशा कॉन्फिगर-स्क्रिप्ट तयार करून देणारे ऑटोकॉन्फ हे साधन आल्यावर, ही पद्धत हळूहळू बदलत गेली. आताची स्क्रिप्ट यंत्राचे नाव विचारून थांबत नाही. ती सी भाषेतले चार-दोन ओळींचे प्रोग्रॅम लिहिते, ते कंपाइल होतात का ते पाहते, काही चालवूनही बघते आणि मिळालेल्या उत्तरांवरून एक हेडर फाइल आणि मेकफाइल, म्हणजे बांधणीच्या पायऱ्यांची फाइल, तयार करते. या पहिल्या भागाला मराठीत ‘चाचपणी’ आणि दुसऱ्या भागाला ‘जुळवणी’ असे दोन चांगले शब्द हाताशी आहेत. दोन्ही कृतींना मिळून एकच शब्द हवा असेल तर ‘जुळवणी’ घ्यावा.

प्रतिसाद २

‘यजमान’ या शब्दाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या चर्चेतला सर्वांत गोंधळाचा शब्द तोच आहे आणि तो गोंधळ मराठीत येण्याआधीच इंग्रजीत झालेला आहे.

संगणकाच्या इतर व्यवहारांत होस्ट म्हणजे ज्याच्या घरी काम चालते ते यंत्र. आभासी यंत्रांविषयी बोलताना आपण यजमान आणि पाहुणा ही जोडी सहज वापरतो, आणि ती बरोबर आहे. म्हणून कॉन्फिगरमधला होस्ट हाही जिथे कंपाइल चालले आहे तोच संगणक असावा, असे वाचक धरून चालतो. प्रत्यक्षात ऑटोकॉन्फच्या परिभाषेत जिथे कंपाइल होते ते यंत्र ‘बिल्ड’ आणि तयार झालेला प्रोग्रॅम पुढे जिथे चालेल ते यंत्र ‘होस्ट’. आपल्या एक्स८६-६४ संगणकावर बसून ६४ बिटी आर्म यंत्रासाठी संपादक बांधायचा असेल, तर होस्टच्या जागी आर्मचे नाव येते. उलटे लिहिले तर स्क्रिप्ट तक्रार करीलच असे नाही.

आता गंमत पाहा. ‘यजमान’ म्हणजे पाहुण्यांची सरबराई करणारा गृहस्थ, हा आजचा अर्थ धरला तर इथे तो शब्द दिशाभूल करतो. पण मूळ अर्थाकडे गेले तर तो चपखल बसतो. ‘यज्’ धातूचे आत्मनेपदी वर्तमानकालवाचक धातुसाधित म्हणजे यजमान. यज्ञाचे फळ स्वतःला मिळते त्याच्यासाठी ‘यजते’ आणि जो दुसऱ्यासाठी यज्ञ करतो त्या ऋत्विजासाठी ‘यजति’, असा व्याकरणकारांचा विवेक आहे. क्रिया एकाने करायची आणि फळ दुसऱ्याने घ्यायचे, हेच तर क्रॉस-कंपाइलमध्ये होते: बिल्ड हा ऋत्विज आणि होस्ट हा यजमान. तरीही माहितीपुस्तिकेत ‘यजमान’ लिहू नये असेच मी म्हणेन, कारण पुस्तिका वाचणारा माणूस पदभेद आठवून वाचत नाही. ‘बांधणीचे यंत्र’ आणि ‘चालवण्याचे यंत्र’ असे सरळ लिहावे आणि आज्ञेतला पर्याय मात्र ‘होस्ट’ असाच राहू द्यावा, कारण तो टंकायचा आहे.

बिल्ड आणि होस्ट यांच्या जोडीला दिसणाऱ्या ‘टार्गेट’ची चिंता करू नये. तो पर्याय कंपायलर किंवा असेंब्लर बांधताना लागतो, म्हणजे जो प्रोग्रॅम स्वतः आणखी कुठल्या तरी यंत्रासाठी कोड निर्माण करतो त्यालाच. संपादकाला तिसरे यंत्र नसते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ‘बांधणीचे यंत्र’ आणि ‘चालवण्याचे यंत्र’ मसुद्यात घातले आणि वाक्ये लगेच सुधारली. दोन शंका राहतात. यंत्रांची जी लांबलचक नावे दिसतात, उदाहरणार्थ एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-ग्नू, त्यांचे काही करावे का? आणि ईमॅक्सच्या २७व्या आवृत्तीत आलेल्या ‘पोर्टेबल डंपर’ला ‘सुवाह्य साठा’ म्हणावे असे मनात आहे, ते कसे वाटते?

प्रतिसाद १

नावांना हात लावू नये. ती विशेषनामे आहेत: आधी प्रोसेसर, मग निर्माता, मग ऑपरेटिंग सिस्टिम. अशा नावाला ट्रिप्लेट, म्हणजे त्रयी, म्हणतात. शेवटच्या भागात कर्नल आणि सिस्टिम असे दोन तुकडे आल्यामुळे पुष्कळदा प्रत्यक्षात चार घटक दिसतात, पण नाव त्रयीच राहिले. निर्मात्याच्या जागी ‘अननोन’ दिसले तर काही बिघडले आहे असे समजू नये, एवढे मात्र पुस्तिकेत अवश्य सांगावे.

एकाच आर्किटेक्चरला अनेक नावे असतात, ही गोष्ट वाचकाला अधिक छळते. एएमडी६४ आणि एक्स८६_६४ एकच. आर्म६४ आणि एआर्च६४ एकच. ज्याने त्याने आपापल्या रिवाजाप्रमाणे नाव लिहावे आणि सोबत दिलेल्या ‘कॉन्फिग-सब’ या स्क्रिप्टने त्याचे ठरलेले रूप करून द्यावे, अशी सोय आहे. ‘एएमडी६४-लिनक्स’ दिले की ती एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-ग्नू असे उत्तर देते. या रूपाला ‘प्रमाण रूप’ म्हणावे. बोलीतले रूप चुकीचे नसते, पण छापताना एकच रूप ठरवावे लागते, हा विचार प्रमाणभाषेमुळे मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेलाच आहे.

प्रतिसाद २

‘सुवाह्य साठा’ म्हणणे धोक्याचे आहे. त्यासाठी आधी डंप म्हणजे काय ते पाहावे लागेल.

ईमॅक्सचा मोठा भाग लिस्प भाषेत लिहिलेला आहे. बांधणीत आधी ‘टीमॅक्स’ नावाचा नुसत्या सी कोडचा सांगाडा तयार होतो. तो चालवून त्यात लिस्पच्या फाइली भरतात, आणि प्रत्येक वेळी संपादक सुरू करताना त्या पुन्हा भराव्या लागू नयेत म्हणून भरलेल्या मेमरीचा ठसा डिस्कवर उतरवून ठेवतात. पूर्वी हा ठसा थेट चालवण्याजोग्या फाइलीच्या रूपात लिहिला जाई, आणि त्यासाठी एल्फ, कॉफ अशा चालवण्याजोग्या फाइलींच्या प्रत्येक स्वरूपाला वेगळा कोड सांभाळावा लागे. २०२० मधल्या २७व्या आवृत्तीने ही पद्धत मागे सारून ठसा वेगळ्या फाइलीत लिहिणारी नवी पद्धत मुख्य केली. तिला पोर्टेबल म्हणतात ते पद्धतीला उद्देशून: तोच कोड अनेक सिस्टिमांवर चालतो. ठशाची फाइल स्वतः अजिबात सुवाह्य नाही. ती ज्या ईमॅक्सपासून निघाली त्याच्याशीच जखडलेली असते. त्याच यंत्रावर पुन्हा वेगळी बांधणी केली तरी जुना ठसा नाकारला जातो. ‘सुवाह्य साठा’ वाचून कोणी ती फाइल दुसऱ्या संगणकावर नेली तर दोष शब्दाचा ठरेल. ‘सर्वत्र चालणारी ठसा-पद्धत’ हे लांब आहे, पण खोटे नाही.

टीमॅक्स चालवून पाहावा लागतो, या एका गोष्टीमुळे ईमॅक्सची क्रॉस-बांधणी दीर्घकाळ अवघड राहिली. आर्मसाठी बांधलेला टीमॅक्स एक्स८६-६४ यंत्रावर चालणार कसा? २०२५ मध्ये आलेल्या ३०व्या आवृत्तीतल्या अँड्रॉइड बांधणीत यावर सरळ तोड काढली आहे: ठसा बांधणीच्या यंत्रावर घेतच नाहीत, संपादक उपकरणावर पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा तिथेच घेतात. चाचपणीलाही हीच अडचण नडते. विम हा संपादक क्रॉस-बांधणी करताना काही प्रश्नांची उत्तरे आपल्याकडूनच मागतो, कारण चालवून पाहण्याची सोय उरलेली नसते.

प्रश्नकर्ता

बाइटांच्या क्रमाची चाचणी मात्र क्रॉस-बांधणीतही उत्तर देते, असे दिसले. ते कसे? आणि त्या दोन क्रमांना काय म्हणावे?

प्रतिसाद १

ती चाचणी फार हुशारीने लिहिलेली आहे. स्क्रिप्ट काही सोळा बिटी संख्यांची यादी असलेला प्रोग्रॅम कंपाइल करते, पण चालवत नाही. संख्या अशा निवडलेल्या आहेत की एका क्रमाने बाइट मांडले तर त्यांतून ‘बिग एंडियन’ची आणि दुसऱ्या क्रमाने मांडले तर ‘लिटल एंडियन’ची अक्षरे उमटावीत. मग कंपाइल झालेल्या फाइलीत ग्रेप या साध्या शोध-आज्ञेने ती अक्षरे शोधायची. यंत्राला न विचारता कंपायलरच्या हस्ताक्षरावरून उत्तर काढले जाते.

नावांसाठी आपल्याकडे आयती सामग्री आहे. शब्दांकांनी संख्या सांगताना ‘अंकानां वामतो गतिः’ हा नियम आहे: एकक आधी, मग दशक. मराठी बोलतानाही आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी येतो. तेव्हा लिटल एंडियनला ‘एकक-आधी’ आणि बिग एंडियनला ‘शीर्ष-आधी’ असे म्हणावे. एक्स८६-६४ एकक-आधी आहे. आर्मच्या आज्ञा दोन्ही क्रम मान्य करतात, पण नेहमीच्या सिस्टिमांवर तोही एकक-आधीच चालतो.

प्रतिसाद २

या जोडीला माझी संमती आहे. मसुद्यात ‘३२ बिटांचा शब्द’ असा उल्लेख असेल तर तोही तपासावा. प्रोसेसरच्या भाषेत ‘वर्ड’ची लांबी ठरलेली नाही: १९७६ मध्ये मूळ ईमॅक्स ज्या पीडीपी-१० यंत्रावर घडला त्याचा वर्ड ३६ बिटांचा होता, एक्स८६ च्या पुस्तिकांत तो अजूनही १६ बिटांचा आणि आर्मच्या पुस्तिकांत ३२ बिटांचा. म्हणून नुसता ‘शब्द’ लिहू नये, बिटांची संख्या लिहावी. संपादकाच्या दृष्टीने तिचा परिणाम ठोस आहे. ईमॅक्स प्रत्येक लिस्प मूल्यातले काही बिट त्याचा प्रकार नोंदवण्यासाठी राखतो, त्यामुळे ३२ बिटी बांधणीत लहान पूर्णांकासाठी ३० बिट उरतात आणि बफर, म्हणजे उघडलेला मजकूर, सुमारे ५१२ मेगाबाइटांवर अडतो; ६४ बिटी बांधणीत ६२ बिट मिळतात. ३२ बिटी यंत्रावरही ‘वाइड-इंट’ हा पर्याय देऊन ६२ बिटी पूर्णांक घेता येतात, थोडा वेग आणि मेमरी खर्चून. हा पर्याय चाचपणीतून आपोआप निवडला जात नाही, बांधणाऱ्यानेच द्यावा लागतो. तेव्हा पुस्तिकेत तो ‘जुळवणी’च्या प्रकरणात, ‘चालवण्याचे यंत्र’ या परिच्छेदानंतर लगेच घालावा.