जबाबदारी प्रयोगाच्या आराखड्यापासून सुरू होते

संशोधकाने ज्ञान मिळवावे आणि गैरवापर सरकारने रोखावा, हे मत मला पटत नाही, कारण धोका कुठे आहे हे सर्वांत आधी प्रयोगशाळेतल्या माणसालाच कळते. २०११ मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील रॉन फुशिए आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील योशिहिरो कावाओका या विषाणुशास्त्रज्ञांच्या गटांचे काम समोर आले. त्यांनी बर्ड फ्लूच्या विषाणूचे असे बदललेले प्रकार तयार केले होते, जे फेरेट या, फ्लूच्या अभ्यासात माणसाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या, प्राण्यांमध्ये हवेतून पसरू शकत होते. साथीची पूर्वसूचना मिळावी हा हेतू प्रामाणिक होता, याबद्दल मला शंका नाही. अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने डिसेंबरमध्ये काही तपशील वगळण्याची शिफारस केली, मार्च २०१२ मध्ये सुधारित मसुदे पाहून ती बदलली, आणि त्याच वर्षी दोन्ही निबंध प्रसिद्ध झाले.

छापावे की नाही, हा वाद मला दुय्यम वाटतो. तोवर काम होऊन गेले होते. जानेवारी २०१२ मध्ये संशोधकांनी स्वतःहून अशा प्रयोगांना ६० दिवसांचा विराम जाहीर केला व तो वर्षभर टिकला, हे स्वागतार्हच. पण तो प्रयोगानंतरचा विराम होता. याउलट १९७४ मध्ये अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुक-जोडणीचे (एका जीवाचा जनुकीय भाग दुसऱ्याच्या भागाशी जोडण्याचे) काही प्रयोग आधीच थांबवण्याचे आवाहन केले आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथील परिषदेत शास्त्रज्ञांनी अशा प्रयोगांचे नियम ठरवले. हा प्रयोग करावा का, हा प्रश्न निधीचा अर्ज लिहितानाच विचारला जावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.