रंग मारला की गळती गेली का?

बी-७०२: नमस्कार मंडळी, फ्लॅट विकायला काढलाय हे सगळ्यांना माहितीये, रविवारी पार्टी बघायला येतेय. बेडरूमच्या छताला पावसाळ्यात ओल येते तिथे पुट्टी आणि रंग मारून घेतलाय, एजंट म्हणतो आपणहून सांगू नका, विचारलं तर बघू. चालेल ना?

ए-१०३: चालेल की! घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं 😀

सी-४०१ काका: अहो गप्प बसणं वेगळं आणि डागावर रंग फासणं वेगळं. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ ला घोड्याचं उदाहरण दिलंय बघा. घोड्यात खोट आहे हे मालकाला ठाऊक, लिलावात तो काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट समजेन, आणि मालक तरीही गप्प, तर ते बोलल्यासारखंच धरतात. घराला तर त्याहून कडक आहे, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५५, तुम्हाला माहितीये आणि समोरच्याला नीट बघूनही कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतः सांगायचा, लपवला तर फसवणूकच.

ए-१०३: असं असेल तर कुणाचंच घर विकलं जाणार नाही काका

सी-४०१ काका: टाइल फुटलीये ते दिसतंय ना, ते त्याने बघावं. पुट्टीच्या आतलं त्याला कसं दिसणार?

डी-२०५ वहिनी: आम्ही सेकंडहँड वॉशिंग मशीन घेतलं होतं, रिकामं चालवून दाखवलं, मस्त चालतंय म्हणाला. घरी कपडे टाकले तर स्पिनला जागेवरून सरकत सरकत थेट दारापर्यंत!! फोन केला तर म्हणे तुम्ही बघून घेतलंत. अजून डोक्यात जातं

सी-४०१ काका: दुकानदार असता तर मालाच्या दर्जाची जबाबदारी कायदाच त्याच्यावर टाकतो, घरातली जुनी वस्तू विकणाऱ्यावर तेवढी येत नाही. पण माहीत असून मस्त चालतंय म्हणाला असेल तर सुटत नाही तो.

सेक्रेटरी: ७०२, विषय निघालाच आहे तर तुमचं दोन क्वार्टरचं मेंटेनन्स बाकी आहे, ते भरल्याशिवाय एनओसी मागू नका.

सी-४०१ काका: हो आणि विक्रीच्या तारखेपर्यंतचा घरपट्टीचा बोजा पण तुमचाच, लोन असेल तर बँकेचं आधी मिटवा.

बी-७०२: भरतो हो. पण रंगाचं काय, खरवडू?

सी-४०१ काका: कशाला, पावसाळ्यातला फोटो असेल तर तो दाखवा, ओल कुठून येते ते सांगा, भाव थोडा खाली येईल एवढंच. नंतर कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा बरं.

बी-७०२: ओल टेरेसवरून येते काका, वॉटरप्रूफिंगसाठी तीन अर्ज दिलेत सोसायटीला. सेक्रेटरी साहेब पार्टीला काय सांगू?

सेक्रेटरी: हा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ.

डी-२०५ वहिनी: 🤐