गाडीचा टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) गेलाय. आहे तसाच बसवू की व्हीजीटी (हलत्या पात्यांचा टर्बो) टाकू?

घाटमाथा
गाडी १२४८ सीसी डिझेल, ७५ पीएसवाली, साधा फिक्स्ड (न हलणाऱ्या पात्यांचा) टर्बो. दीड लाख किलोमीटरच्या वर पळालीय. आधी रेस दिली की शिट्टी वाजायची, आता चढावर निळा धूर आणि ऑइलही खातेय. मेकॅनिकने होज काढून दाखवला: शाफ्ट बोटाने हलतोय, ब्लेड हाउसिंगला घासून चकाकलंय. तो म्हणतो फक्त कोअर (टर्बोचा मधला, शाफ्टवाला भाग) बदलू. मित्र म्हणतो खर्च होतोच आहे, तर याच इंजिनाच्या ९० पीएस अवताराचा व्हीजीटी टाक, वर रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं). आंबा घाटातून रत्नागिरीला नेहमीचं जाणंयेणं आहे. माझं मन व्हीजीटीकडे झुकतंय.

ऑइलवाला
कुठला टाकायचा ते नंतर. हा मेला कशाने ते आधी बघा. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तरंगतो तो ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल उशिरा बदललं, किंवा घाट चढून आल्याआल्या चावी फिरवली, की टर्बोला ऑइल देणाऱ्या फीड पाइपात काजळी धरते. त्या पाइपाचा बँजो बोल्ट (पोकळ बोल्ट) काढून भोकातून उजेड दिसतो का बघा. तो पाइप तसाच ठेवलात तर नवा कोअरही जाईल आणि व्हीजीटीही. इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी) साचलेलं ऑइल काढायला विसरू नका, नाहीतर नवा टर्बो बसवूनही धूर येत राहील आणि बिचाऱ्या मेकॅनिकला शिव्या बसतील.

दुसरा गिअर
पाइप बदलायलाच हवा, मान्य. पण म्हणून त्याच मरगळीत परत का जायचं? ७५ पीएसला १९० एनएम टॉर्क (ओढ) मिळतो २००० आरपीएमला, ९० पीएसला २०० मिळतो १७५० ला. वळणावर गाडी १५०० ला आली की हा फरक कळतो. व्हीजीटीच्या व्हेन (हलती पाती) मिटून धुराची वाट अरुंद करतात, त्यामुळे कमी धुरातही टर्बाइन लवकर फिरतं. नुसता मोठा टर्बो टाकायला कोणी सांगत असेल तर पळा, त्याने लॅग (रेस दिल्यावर ओढ यायला लागणारा उशीर) वाढेल.

ऑइलवाला
१० एनएम आणि २५० आरपीएमसाठी एवढा खटाटोप? एक गिअर खाली टाका की राव. आणि त्या व्हेन हलवणार कोण? तुमच्या ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरात) तो मॅपच नाही. सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), वायरिंग, मॅप सगळं आणावं लागेल. अर्धवट जुळणी झाली तर बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) भलतीकडेच जाईल, आणि दीड लाख किलोमीटर पळालेली क्लचप्लेट ते किती दिवस सोसेल?

कागदपत्र
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवरच्या तपशिलाशी गाडी जुळेनाशी होईल असा बदल चालत नाही. पीयूसीवाला बॉनेट उघडत नाही हे खरं, पण मोठा अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर उघडतो.

दुसरा गिअर
कलम ५२ काढलं की चर्चा संपली असं इथे नेहमीचंच झालंय. विमा कंपनीला आधी लेखी विचारा, नाही म्हणाले तर सोडा. आणि ईसीयूसकट अख्खा सेट देणारा, काम लेखी देणारा माणूस नसेल तर मीही कोअरच म्हणेन.

घाटमाथा
बोल्ट काढला. सुई जेमतेम जातेय. पाइप नवा मागवलाय, इंजिनाखालचं ऑइल चेंबरही उतरवतोय. कोअर घेताना काय बघू?

ऑइलवाला
बॅलन्सिंगचा (शाफ्ट न थरथरता फिरतो का ते तपासल्याचा) रिपोर्ट मागा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.