शब्दचर्चा : प्लगइन ‘सुसंगत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळातली पोरं जुन्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करतात. त्यांच्यासाठी मराठीत टिपण लिहितोय. प्लगइन (रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला जोडायचा छोटा जादा प्रोग्राम) ‘कम्पॅटिबल नाही’ यासाठी ‘सुसंगत नाही’ लिहिलं, तर पखवाजवाला विचारतो, “म्हणजे बेसूर का?” शब्द बदलू का?

– बदला. त्याचं काही चुकलं नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला ‘संगत’ म्हटलं की पखवाज आणि पेटीच आठवणार. मुळात ‘संगत’ म्हणजे बरोबर गेलेलं, जुळलेलं. त्यामुळे अर्थाने शब्द चोख आहे. पण आपण ‘सुसंगत’ म्हणतो ते बोलण्याला, विचाराला. प्लगइन विसंगत बोलत नाही हो, ते तोंडच उघडत नाही.

– माझी तक्रार वेगळी आहे. ‘सुसंगत नाही’ म्हटल्यावर दुखणं कुठलं ते कळत नाही. आम्ही स्टुडिओत तीन निरनिराळ्या गोष्टी म्हणतो. प्लगइन ‘दिसत नाही’, म्हणजे यादीत नावच नाही : फाइल भलत्याच फोल्डरात पडलीय, नाहीतर जातच अनोळखी आहे. व्हीएसटी ३ ही प्लगइनची जात आली २००८ मध्ये. २००५ च्या प्रोग्रामला ती कुठून ठाऊक असणार? दुसरं, ‘घेत नाही’ : फाइल जागेवर आहे, पण प्रोग्राम ६४ बिटच्या घडणीचा आणि प्लगइन जुन्या ३२ बिटच्या. ही दोन एका प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालत्या प्रोग्रामच्या आत, नांदत नाहीत. तिसरं, ‘झोपवतं’ : प्लगइन उघडतं आणि अख्ख्या प्रोग्रामला घेऊन बसतं. बऱ्याचदा कारण मेमरीचं असतं. ३२ बिटच्या प्रोग्रामला फार तर ४ जीबी वापरता येते, आणि एक तंबोऱ्याचं सॅम्पल (रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज) त्यातलं केवढं खाईल सांगता येत नाही.

– ‘घेत नाही’ला माझं मत. मागच्या महिन्यात कीर्तनाचा एक जुना प्रोजेक्ट नव्या मशीनवर उघडला, तर रिव्हर्बच्या (आवाज घुमवणाऱ्या प्लगइनच्या) जागी रिकामा चौकोन. आवाज कोरडा ठक्क, बुवा न्हाणीघराऐवजी कपाटात उभे राहून बोलल्यासारखे. दोन तास त्या प्लगइनची डीएलएल फाइल या फोल्डरातून त्या फोल्डरात हलवत बसलो. ती ३२ बिटची निघाली. मग ब्रिज लावला, तेव्हा कुठे बोलली. तीही स्वतःची वेगळी खिडकी काढून.

– या ‘ब्रिज’ला ‘पूल’ लिहावं का?

– पूल ओलांडून माणूस पलीकडे जातो. इथे प्लगइन पलीकडेच राहतं, वेगळ्या प्रोसेसमध्ये; मधला गडी आवाज तिकडे नेतो आणि परत आणून देतो. ‘दुभाषा’ जास्त जवळचा. मात्र पोरांना नेटवर शोधायचं असेल तर ‘ब्रिज’च लागेल, तेव्हा पहिल्यांदा दोन्ही लिहा.

– आणि टिपणात एक घाला : जुना प्रोजेक्ट बंद करण्याआधी इफेक्टसकट ट्रॅक वेव्ह फाइलमध्ये (साध्या आवाजाच्या फाइलमध्ये) उतरवून ठेवा. वेव्ह कुठलाही प्रोग्राम घेतो.

प्रश्नकर्ता : मग असं लिहितो : ‘प्लगइन यादीत दिसत नसेल तर फोल्डर आणि प्रकार बघा. फाइल जागेवर असून प्रोग्राम घेत नसेल तर ३२ की ६४ ते बघा.’ ‘सुसंगत’ काढला. आता ‘होस्ट’ला (प्लगइन ज्यात चालतं त्या प्रोग्रामला) ‘यजमान’ चालेल?

– नको. पखवाजवाला पुढचा प्रश्न दक्षिणेचा विचारेल.