मदत हवी आहे: कोलोनच्या लांक्सेस अरेनात वरच्या मजल्यावरून हँडबॉल नीट दिसतो का?

नमस्कार मंडळी. मुलगा शाळेच्या संघातून हँडबॉल खेळतो, त्याला युरोपातल्या हँडबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल फोर (शेवटच्या चार संघांची फेरी) दाखवायची आहे. 2010पासून ती जर्मनीतल्या कोलोनलाच होते. शनिवारी दोन्ही उपांत्य सामने, रविवारी अंतिम.

माझा गोंधळ आसनांचा आहे. याच अरेनाची क्षमता आइस हॉकीला साधारण 18,500, तर हँडबॉलला 20,000च्या जवळपास. कारण तसं साधं: हॉकीचा बर्फ 60 मीटर लांब, हँडबॉलचं मैदान फक्त 40 बाय 20, त्यामुळे उरलेल्या जागेत जादा खुर्च्या मांडता येतात. पण या खालच्या जादा रांगांना पुरेसा उतार असतो का? पुढच्यांची डोकी आड आली तर लहान मुलाला काय दिसणार? म्हणूनच वरचा मजला बरा वाटतोय. फक्त तिथून चेंडू ओळखू येतो ना?

कुणी तिथे सामना पाहिला असेल तर कृपया सांगा. गोलच्या मागे बसावं की लांब बाजूला? आणि सामना संपल्यावर अरेनाजवळच्या डॉइट्झ स्टेशनवर मुलाला घेऊन गर्दीतून ट्रेन पकडणं जमतं का, की थोडं थांबून निघावं?