संतोषच्या घरचं ऑपरेशन : आमच्या सोसायटी ग्रुपवरची रविवारची चर्चा

[स. ९:०५] पाटील सेक्रेटरी, ए-६०४:
सर्व सभासदांना नमस्कार. मेन गेटवरच्या वॉचमन संतोषच्या मिसेसना पित्ताशयात खडे झालेत. काल रात्री पोटात फार दुखायला लागलं म्हणून घोडबंदर रोडवरच्याच एका प्रायव्हेट हॉस्पिटलात नेलं होतं. सलाईन-इंजेक्शन देऊन सकाळी सोडलं. ऑपरेशन करावं लागेल, अंदाजे ८५,००० सांगितलेत, त्यातले ४०,००० ॲडमिट होताना भरायचे. ज्यांना जमेल त्यांनी मदत करावी. पैसे माझ्याकडे द्या, यादी संध्याकाळी टाकतो.

[स. ९:११] कुलकर्णी काकू, सी-२०३:
आमचे १,००० धरा.

[स. ९:१२] शेट्ये, ए-३०१:
५०० 🙏

[स. ९:२४] देशपांडे काका, बी-३०२:
माझे २,०००. पण पाटील, मनाला लागतं हो. आठ वर्षं आपल्या गेटवर उभा असलेला माणूस, आणि बायकोच्या ऑपरेशनसाठी त्याच्या नावाने वर्गणी काढायची वेळ.
इंग्लंडात लीड्सला सूनबाईची डिलिव्हरी झाली तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो. सिझर झालं, तीन दिवस राहिली. घरी निघताना मी सवयीने मुलाला विचारलं, बिल कुठे भरायचं? तो म्हणाला, बाबा, इथे बिलाची खिडकीच नाही. मी खाली जाऊन बघून आलो, खरंच नव्हती. पार्किंगचे तेवढे पैसे दिले.
त्यांचं हे एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झालं. महायुद्ध संपून तीन वर्षं झालेली, खाण्यापिण्याच्या वस्तू अजून रेशनवर, देश कर्जात. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन, तेराव्या वर्षी शाळा सोडून कोळशाच्या खाणीत उतरलेला माणूस. आधी श्रीमंत होऊ आणि मग बघू, असं ते म्हणत बसले नाहीत.

[स. ९:३८] कदम, ए-९०३:
काका, संतोषला मदत करायलाच हवी, माझे ३,००० धरा. पण फुकट काहीच नसतं. तुमच्या मुलाच्या पगारातून टॅक्स किती जातो तेही सांगा. आणि तिथे साध्या ऑपरेशनला वर्ष-वर्ष थांबावं लागतं म्हणतात. मी बायकोचा, मुलांचा, आई-बाबांचा प्रीमियम वेळच्या वेळी भरतो. ज्याने त्याने आपली सोय बघावी, हे मला जास्त सरळ वाटतं.

[स. ९:५२] देशपांडे काका, बी-३०२:
थांबावं लागतं, खोटं नाही सांगणार. मुलाचा गुडघा फुटबॉल खेळताना गेला. आधी जीपी, म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर, मग तज्ज्ञ, मग स्कॅन, मग ऑपरेशन. चौदा महिने लंगडत ऑफिसला गेला. उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावेत असा नियम आहे, पण इंग्लंडात वेटिंगचा आकडा ७० लाखांच्या वर आहे. शिवाय नोकरीच्या व्हिसावर असताना वर्षामागे माणशी १,०३५ पौंड आरोग्याचा अधिभार भरलाय त्याने, टॅक्स वेगळा. आम्ही पाहुणे, आम्ही इन्शुरन्स काढूनच गेलो होतो. तरीही सूनबाईला रात्री त्रास सुरू झाला तेव्हा पैशाचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. मी त्याबद्दल बोलतोय.

[स. १०:१०] स्नेहा, सी-११०१:
कदम काका, ज्याने त्याने आपली सोय बघायची, हे मी सहा वर्षं न्यू जर्सीत जगलेय.
२०१६ मध्ये मला अपेंडिक्स झालं. इन्शुरन्स नवऱ्याच्या कंपनीचा, चांगला. एका रात्रीत ऑपरेशन झालं, डॉक्टर उत्तम, नर्सेस प्रेमळ, त्याला नाव ठेवणार नाही. मग घरी पाकिटं यायला लागली. पहिलं हॉस्पिटलचं, दुसरं सर्जनचं, तिसरं लॅबचं. अडीच महिन्यांनी चौथं, भूल देणाऱ्या डॉक्टरांचं. हॉस्पिटल आमच्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार असलेल्यांच्या यादीत होतं, पण भूल देणारे डॉक्टर नव्हते! बेशुद्ध करायला आलेल्या माणसाला मी विचारायला हवं होतं, तुम्ही नेटवर्कमध्ये आहात का? असली बिलं पाठवायला २०२२ पासून तिथे कायद्याने बंदी आली, पण तोवर आम्ही भरून मोकळे. त्यातही पहिले ३,००० डॉलर आमचेच, त्याच्या वरचं इन्शुरन्स बघणार. बेसमेंटमध्ये एक बुटाचा खोका नुसत्या या पाकिटांचा होता.
पुढे नवऱ्याची नोकरी गेली, त्याबरोबर इन्शुरन्सही. जुनाच प्लॅन चालू ठेवता येतो, पण कंपनीचा हिस्साही मग आपण भरायचा. पगार बंद आणि प्रीमियम कितीतरी पट. त्या चार महिन्यांत मुलाला सायकल चालवू दिली नाही मी. पडला तर?

[स. १०:१३] शेट्ये, ए-३०१:
बापरे. आपल्याला वाटतं अमेरिकेत सगळं नीट असेल.

[स. १०:१९] स्नेहा, सी-११०१:
६५ च्या पुढच्यांना सरकारी मेडिकेअर आहे, गरिबांना मेडिकेड, दोन्ही १९६५ पासून. इमर्जन्सीत आलेल्याला तपासून स्थिर करायचंच, हाही १९८६ चा कायदा आहे. पण बिल नंतर येतंच. देशाच्या उत्पन्नाचे १७-१८ टक्के आरोग्यावर जातात, श्रीमंत देशांत सगळ्यात जास्त, आणि तरी कोट्यवधी लोक विम्याशिवाय.

[स. १०:४१] अमेय, बी-९०१:
मी तीन वर्षं स्टुटगार्टला होतो. जर्मनीत इंग्लंडसारखं एकच सरकारी खातं नाही. आजारपणाच्या विम्याच्या बऱ्याच संस्था आहेत, आपण एक निवडायची. पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडा अधिभार, अर्धे आपण, अर्धे कंपनी. मला सगळ्यात विशेष वाटलं ते हे, की हप्ता पगारावर ठरतो. वय किती, शुगर आहे का, आधी काय झालं होतं, कुणी विचारत नाही. बायको घरी होती, मुलगी लहान, दोघी त्याच हप्त्यात. बायको पाच दिवस ॲडमिट होती, दिवसाला १० युरोप्रमाणे ५० भरले. आमचा जिना पुसायला येणाऱ्या बाईंकडे माझ्यासारखंच कार्ड होतं.
उणीव सांगायची तर, चांगला पगार असलेल्यांना यातून बाहेर पडून खासगी विमा घेता येतो. दहातला एखादा तसा असतो, आणि त्याला तज्ज्ञाची तारीख लवकर मिळते. लोक यावर चिडतात.
ही पद्धत १८८३ ची आहे, जर्मन चॅन्सलर बिस्मार्कच्या काळातली. कामगारांपासून सुरुवात झाली, मग वाढत गेली.

[स. १०:५५] कदम, ए-९०३:
अमेय, म्हणजे जास्त पगारवाल्याने कमी पगारवाल्याचं भरायचं. मग माझ्यासारख्याने का भरावं, ते कुणीतरी समजावून सांगा. भांडायला नाही विचारत, खरंच विचारतोय.

[स. ११:३०] सावंत सिस्टर, ए-१०२:
कदम, जेवण चुलीवर आहे, पण तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून आधी लिहिते.
गेल्या वर्षी तुमच्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, क्लेम कापला गेला, तो कागद घेऊन तुम्ही माझ्याकडे आला होतात. आठवतं? पॉलिसी ५ लाखांची, रूमची मर्यादा दिवसाला ५,०००. रूम मिळाली ८,००० ची, चार दिवस. तुम्हाला वाटलं फरक १२,००० चा. पण त्यांनी सर्जन, ओटी, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात कापलं. १,६०,००० चे १,००,००० केले. ७२,००० तुमच्या खिशातून गेले, वर हातमोजे-मास्क वेगळे. इतकी वर्षं हप्ता न चुकवणाऱ्या माणसाला. आपली सोय आपण बघितली होतीत, तरी ऐन वेळी कागदातली एक ओळ आडवी आली.
आणि विमा म्हणजे तरी काय हो? तुम्ही धडधाकट असताना भरता, त्यातून दुसऱ्या कुणाचं ऑपरेशन होतं. दुसऱ्याचं तुम्ही आजही भरताय. खासगी कंपनी माणूस पारखून घेते, वय बघते, आधीच्या आजाराला काही वर्षं थांबवते. देशाचा विमा असला की कुणाला वगळता येत नाही, म्हणून तरुण आणि निरोगी माणसांनीही त्यात असावं लागतं. आज तुम्ही संतोषच्या बायकोचं भरलंत, तर सत्तरीत तुमचं कुणी तिसरा भरेल.

[स. ११:४२] सावंत सिस्टर, ए-१०२:
रांगेचं म्हणाल तर महापालिकेच्या हॉस्पिटलात ३१ वर्षं नोकरी केली, रांग मी उभ्या जन्मात पाहिली आहे. जमिनीवर गाद्या टाकून पेशंट ठेवलेत. रात्रपाळीला एक सिस्टर आणि साठ पेशंट. ते चांगलं होतं असं कधी म्हणणार नाही.
पण दुसरी रांगही बघितली. मुंब्र्याहून एक बाई आली होती, पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. शुगरची जखम. पिशवी सोडली तर आत हळद आणि फडकं, तीन बोटं काळी पडलेली. तीन आठवडे घरी होती. पहिल्यांदा गेली तिथे डिपॉझिट सांगितलं, म्हणून नवरा पैसे जमवत होता. पाय गेला तिचा गुडघ्याखाली. देशपांडे काकांच्या मुलाचे चौदा महिने कुठेतरी मोजले गेले, त्यावर तिथल्या सरकारला उत्तर द्यावं लागतं. या बाईचे तीन आठवडे कुठल्या वेटिंग लिस्टवर होते?

[दु. १२:०२] देशपांडे काका, बी-३०२:
सिस्टर, 🙏

[दु. १२:०५] कदम, ए-९०३:
वाचलं. पण आपला देश कुठे इंग्लंड-जर्मनीइतका श्रीमंत आहे?

[दु. १:३५] सावंत सिस्टर, ए-१०२:
श्रीलंका काही श्रीमंत नाही, तिथे सरकारी दवाखान्यात कित्येक वर्षांपासून मोफत. थायलंडने १९९७ च्या मंदीत केवढा मार खाल्ला, तरी पाच वर्षांच्या आत ३० बाहतची योजना देशभर नेली. दर खेपेला ३० बाहत (तिथलं चलन) द्यायचे आणि उपचार घ्यायचे. आपल्याकडे तर स्वातंत्र्याच्याही आधी, १९४६ मध्ये, सरकारने नेमलेल्या भोर समितीने लिहून ठेवलंय की पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार थांबता कामा नयेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारने आरोग्यावर खर्च करायचं ठरलं. २०२१-२२ ला आपण १.८४ टक्क्यांवर होतो. खिशातून होणारा खर्च मात्र कमी झालाय. २०१३-१४ ला आरोग्याच्या १०० रुपयांतले ६४ लोक स्वतः भरत होते, २०२१-२२ ला ३९. म्हणजे मनावर घेतलं की होतं.
आणि कदम, वडील ७४ चे ना? ७० च्या पुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत, घरचा मेडिक्लेम असला तरी चालतं. आधार घेऊन या, मी काढून देते. कुठल्या हॉस्पिटलात चालतं ते मात्र आधीच बघून ठेवायचं.

[दु. १:५०] अमेय, बी-९०१:
सिस्टर, संतोषसाठी राज्य सरकारची मोफत उपचारांची फुले योजना नाही का?

[दु. १:५८] सावंत सिस्टर, ए-१०२:
आहे. महात्मा फुले योजनेत आता रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत. पण खड्यांचं ऑपरेशन कुठे बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, विचारावं लागेल. सिव्हिलला ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत, तोही रस्ता आहे.
पण त्याआधी पाटील, मला एक सांगा. संतोषचा पगार किती? सिक्युरिटी एजन्सीच्या बिलात ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लावलेलं असतं का?

[दु. २:४०] पाटील सेक्रेटरी, ए-६०४:
फाईल काढून बघितली. पगार १६,४००. पाऊण टक्का, म्हणजे १२३ त्याच्या पगारातून कापतात. सव्वातीन टक्के, ५३३, आपल्याकडून घेतात. दर महिन्याच्या बिलात ओळ आहे. खरं सांगतो, मी नुसती खालची बेरीज बघून सही करत आलो.

[दु. २:४४] अमेय, बी-९०१:
अहो, मग हीच तर जर्मनीची पद्धत! पगारावर टक्के, थोडे कामगाराचे, बाकी मालकाचे, बायको-मुलं त्यातच. १९४८ च्या कायद्यातून आलंय हे आपलं, एनएचएसच्याच वर्षाच्या. जिथे हे लागू आहे तिथला २१,००० पर्यंत पगार असलेला कामगार यात बसतो.

[दु. २:४९] सावंत सिस्टर, ए-१०२:
आणि उपचाराला रकमेची मर्यादा नाही. पाटील, संतोषला त्याचं कार्ड दाखवायला सांगा.

[दु. ३:१५] पाटील सेक्रेटरी, ए-६०४:
खाली जाऊन बोललो. म्हणतो, कार्ड कधी बघितलंच नाही, पगारातून काहीतरी कापतात एवढं माहीत आहे. एजन्सीच्या सुपरवायझरला फोन लावला. नंबर २०२१ पासून आहे. घरच्यांची नावं घातलेली नाहीत, त्या रकान्यात काहीच नाही. कुणी विचारलं नाही, म्हणून राहिलं, असं म्हणाला.

[दु. ३:२२] स्नेहा, सी-११०१:
म्हणजे चार वर्षांहून जास्त हप्ता भरून बायको त्यात नाही? आणि आपण सकाळपासून परदेशाबद्दल बोलतोय.

[दु. ३:४०] सावंत सिस्टर, ए-१०२:
नावं घालता येतात. उद्या सकाळी ९ ला मी त्याच्याबरोबर जाते. दोघांचं आणि मुलांचं आधार, सगळ्यांचा एकत्र फोटो, बँकेचं पासबुक. एजन्सीने त्यांच्या लॉगिनमधून आजच माहिती भरायची, पाटील, तुम्ही त्यांच्या डोक्यावर बसा. मग ईएसआयसीचा दवाखाना, तिथून चिठ्ठी, मग मुलुंड किंवा वागळे इस्टेट, जिथे पाठवतील तिथे. वेळ लागेल, दोन-तीन खेपा होतील. तिला परत दुखलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले तर मात्र कागद बाजूला ठेवून तडक सिव्हिलला न्यायचं. हे मी तिला फोन करून सांगितलंय.
वर्गणी परत करू नका. खेपांच्या दिवसांचा पगार बुडेल त्याचा, औषधं बाहेरून आणावी लागतील.

[दु. ३:४६] कदम, ए-९०३:
सिस्टर, रिक्षाने जाऊ नका, मी गाडी काढतो. उद्या उशिरा जाईन ऑफिसला.

[दु. ३:५१] कुलकर्णी काकू, सी-२०३:
मुलांना शाळेतून मी आणते. डबाही देईन.

[दु. ४:०५] कदम, ए-९०३:
पाटील, बाकीच्या सहा वॉचमनची कार्डंही बघून घ्या ना. घरच्यांची नावं आहेत का.

[दु. ४:०८] सावंत सिस्टर, ए-१०२:
हाउसकीपिंगच्या दोघीही त्याच एजन्सीच्या आहेत. आठ जण झाले.

[दु. ४:२०] पाटील सेक्रेटरी, ए-६०४:
आठही जणांना संध्याकाळी ६ ला ऑफिसात बोलावलंय, आधार घेऊन. एजन्सीला लेखी पत्र देतोय, पुढच्या बिलाबरोबर ईएसआयसी भरल्याच्या चलानची प्रत आणि प्रत्येकाच्या कार्डाची प्रत जोडा, नाहीतर बिल पास होणार नाही. अमेय, पत्राचा मसुदा बघायला खाली येतोस का?

[दु. ४:२१] अमेय, बी-९०१:
आलो.