डबाबंद बासुंदीतला ४०७: दाटपणा कशाचा?

सिडकोकर: कॉलेज रोडवरून डबाबंद बासुंदी आणली. मागे बारीक अक्षरात 'स्टॅबिलायझर (४०७)'. म्हणजे कॅरेजिनन, लाल समुद्री शेवाळातून काढतात. विष आहे असं मी म्हणत नाही. पण बासुंदी दाट दिसली की आपण धरून चालतो, दूध आटवलंय. दाटपणा पुडीतून येणार असेल तर आटवणावळ आमच्याकडून का घेता?

पंचवटीचा_दूधवाला: दादा, सरसकट बोलू नका. आम्ही ते आटवणं वाचवायला नाही घालत. डबा फ्रिजमध्ये राहिला की पाणी सुटतं, स्निग्धांश वर येतो. असा डबा गिऱ्हाईक काउंटरवर आणून आपटतं.

गंगापूर_रोड: बरोबर. कप्पा कॅरेजिनन, म्हणजे त्याचा एक प्रकार, दुधातल्या केसीन या प्रथिनाला धरतं, म्हणून चिमूटभर पुरतं. चॉकलेट दुधात शेकडा ०.०२-०.०३ घातलं तरी कोको तळाला बसत नाही. एवढ्याने दुधाची बासुंदी होत नाही हो! खरी चलाखी शोधायची तर घटकांची यादी वाचा. जास्त वजनाचा घटक आधी लिहावा लागतो. दुधाआधी पाणी किंवा पावडर दिसली की समजा.

आजीची_चूल: आणि आतड्याला सूज येते म्हणतात त्याचं काय? नातवंडांना देऊ का नको?

गंगापूर_रोड: आजी, सूज आणणारं म्हणून ज्याचं नाव घेतात ते पॉलिजिनन. कॅरेजिनन तीव्र आम्लात तापवून तोडलं की ते होतं, खाद्यपदार्थात ते घालत नाहीत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये कॅरेजिननची मर्यादा दिवसाला किलो वजनामागे ७५ मिलिग्रॅम ठेवली. १५ किलोच्या पोराला ११२५. ०.०३ टक्क्यांनी धरलं तर पावणेचार लिटर चॉकलेट दूध!

सिडकोकर: ती मर्यादा 'तात्पुरती' आहे, ते सोयीने गाळलंत. माहिती अपुरी म्हणूनच ना तात्पुरती? शिवाय पोर दिवसभरात एकच पदार्थ खातं का? आइस्क्रीम आहे, फ्लेवर्ड दूध आहे.

गंगापूर_रोड: तात्पुरती, मान्य. बेरीज करायला हवी, तेही मान्य. पण त्यावरून घातक ठरत नाही.

एकादशी_दुप्पट_खाशी: उपवासाला चालतं का एवढंच सांगा. आमच्याकडे चायना ग्रासची खीर चालते, तेही शेवाळच.

सिडकोकर: उपवासाचं तुमचं तुम्ही बघा. मला डब्यावर एक ओळ हवी: लिटरभर दूध आटवून किती केलं.

पंचवटीचा_दूधवाला: लिहितो. लिटरचं निम्मं केलेली बासुंदी काय भावाने घ्याल, ते आधी इथे लिहा.